आधी माणसं आत, मग दार: चिनी अक्षरांतल्या रेघांचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. मालाच्या निमित्ताने चिनी पुरवठादारांशी रोजचा संबंध येतो, म्हणून आठ महिने मोबाइलवर चिनी शिकताहेत. तीनशे-साडेतीनशे अक्षरं वाचता येतात, उच्चार टाइप करून संदेशही पाठवता येतो. आता वही घेऊन लिहायला बसले तेव्हा तीन शंका आल्या. सगळं टाइपच करायचं असेल तर कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर हे शिकण्यात वेळ घालवावा का? एकाच अक्षराचा क्रम दोन व्हिडिओंमध्ये वेगळा दिसतो, त्यातला खरा कुठला? आणि ते डावखुरे आहेत, तर त्यांनी दिशा उलटी करायची का?

मी सोळा वर्षं पुण्यात चिनी शिकवते आहे, त्याआधी दोन वर्षं बीजिंगमध्ये शिकले, आणि मधल्या काळात दुभाषी म्हणून कारखान्यांतही पुष्कळ फिरले. हा प्रश्न दर वर्षी प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि मी दर वेळी तितक्याच कळकळीने सांगते: हो, क्रम शिकाच. हजारो अक्षरांचा मात्र शिकायचा नाही. दीडशे-दोनशे अक्षरं नीट हाताने लिहा. तेवढ्यात हाताला क्रम कळतो, आणि पुढचं बहुतेक अक्षर पहिल्यांदा पाहिलं तरी पेन कुठे टेकवायचं ते आपोआप सुचतं.

चिनी अक्षरं इथे छापलेली नाहीत. मी शब्दांत सांगते, तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन काढत जा. हा तोटा नाही. चीनमधल्या प्राथमिक शाळांत मुलं अशीच शिकतात: बाई फळ्यावर लिहितात आणि सगळा वर्ग हवेत बोट फिरवत एकेका रेघेचं नाव मोठ्याने म्हणतो. याला 'शूखोंग' म्हणतात, म्हणजे रिकाम्या जागेत लिहिणं. आडवी रेघ 'हंग', उभी 'शू', डावीकडे खाली उतरणारी 'फ्ये', उजवीकडे खाली उतरणारी 'ना', ठिपका 'द्येन', खालून उजवीकडे वर उचललेली 'थी', मोडलेली किंवा वळलेली 'जऽ', आणि टोकाला आकडा असेल तर 'गोउ'. एवढी नावं पाठ करा. कंटाळवाणं वाटेल, पण नाव तोंडात असलं की हात चुकत नाही.

क्रम कुठून आला

माझे विद्यार्थी क्रमाकडे शिष्टाचारासारखं बघतात. जेवताना डावा हात वापरू नये तसा कुठला तरी जुना दंडक, मोडला तर थोडं वाईट दिसेल, बाकी काही बिघडत नाही. तसं असतं तर मीही आग्रह धरला नसता. चिनी अक्षराचा आकारच त्याच्या क्रमातून घडलेला आहे. क्रम काढून घेतला तर आकार असा का, याचं उत्तरच उरत नाही.

हे एका उदाहरणात दाखवते. नदी, समुद्र, तेल, सूप या सगळ्यांच्या चिनी अक्षरांत डाव्या बाजूला तीन छोट्या खुणा असतात. त्यांना 'सान-द्येन-श्वेइ' म्हणतात, तीन ठिपक्यांचं पाणी. पहिला ठिपका वर, दुसरा त्याच्या खाली जरा डावीकडे. तिसरा मात्र ठिपका नसतोच. ती खालून वर उजवीकडे झटकलेली रेघ असते, 'थी'. नवशिके तिसराही ठिपकाच काढतात, किंवा थी वरून खाली ओढतात. छापील अक्षरात फरक जेमतेम दिसतो. पण ती रेघ वर का जाते? कारण तिसऱ्या रेघेनंतर हाताला उजवीकडचा भाग लिहायचा आहे आणि तो वर सुरू होतो. हात तिकडे निघालेलाच असतो, आणि जाताजाता जी रेघ पडते तिचं नाव थी.

आता ही नजर घेऊन बाकीची अक्षरं बघा. झाडाचं अक्षर आहे: एक आडवी, तिला छेदणारी उभी, आणि जिथे दोघी भेटतात तिथून डावीकडे एक फांदी, उजवीकडे एक फांदी. उजवी फांदी लांब, शेवटी जाड होत जाणारी. हेच झाड दुसऱ्या अक्षरात डाव्या बाजूला बसलं की उजवी फांदी आखडून नुसता ठिपका होते. दोन झाडं शेजारी शेजारी ठेवली की 'वन' होतं. त्यात डावं झाड आखडलेलं आणि उजवं ऐसपैस असतं. मातीचं अक्षर डावीकडे गेलं की त्याची तळाची आडवी रेघ तिरकी होऊन वर उचलली जाते. हाताचं अक्षर डावीकडे गेलं की तिसरी रेघ थी होते. हे चार वेगळे नियम म्हणून पाठ करायला गेलात तर वैतागाल. डावं आधी लिहायचं, उजवं नंतर, आणि हात निघायच्या तयारीत असतो, हे एकदा अंगात आलं की चारही नियम एकच होतात.

आपल्याकडे याचा चांगला दाखला मोडीचा आहे. बाळबोध लिहिताना आपण शब्द लिहून मग वर शिरोरेघ देतो. मोडीत आधी सगळ्या ओळीभर रेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. एवढ्याच फरकाने अक्षरांची रूपं कुठल्या कुठे गेली. आणि ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल, घसट मोडी नुसती डोळ्यांनी लागत नाही. बोरू कुठून आला आणि कुठे गेला हे मनातल्या मनात चालवून बघावं लागतं, तेव्हा अक्षर सुटतं. चिनीचंही अगदी तसंच आहे.

पेन्सिल हातात घ्या

मुख्य नियम सात-आठच आहेत आणि त्यांच्यासाठी चिनी मुलं सोपी अक्षरं वापरतात, तीच घेऊ.

'तीन': तीन आडव्या रेघा, वरून खाली. मधली सगळ्यात आखूड, तळाची सगळ्यात लांब. प्रत्येक रेघ डावीकडून उजवीकडे.

'दहा': आपलं अधिक चिन्ह. आधी आडवी, मग उभी.

'माणूस': तंबूसारखं. आधी डावीकडे उतरणारी फ्ये, मग उजवीकडे उतरणारी ना.

'लहान': मधोमध आकडा असलेली उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी खूण. आधी मधली, मग डावी, मग उजवी. समतोल अक्षरात आधी खांब रोवायचा.

'तोंड': चौकोन. इथे जरा थांबू, कारण माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपण चौकोन एका दमात काढतो, किंवा चार वेगळ्या रेघांनी. चिनी चौकोन तीन रेघांचा आहे. पहिली डावी उभी. दुसरी तिच्या डोक्यापासून उजवीकडे जाते, कोपऱ्यात क्षणभर टेकते आणि पेन न उचलता खाली वळते. तिसरी तळाची आडवी, डावीकडून उजवीकडे. कोपऱ्यात टेकणं महत्त्वाचं आहे. टेकला नाहीत तर चौकोनाचा वाटोळा वडा होतो. तळ वरच्यापेक्षा किंचित अरुंद ठेवा.

हा चौकोन कितीतरी अक्षरांत येतो, म्हणून पहिला आठवडा याच्यावर घालवला तरी चालेल. शिवाय रेघा तीनऐवजी चार मोजल्या की शब्दकोशातला शोध चुकतो, तो मुद्दा पुढे येईलच.

'देश': मोठा चौकोन आणि आत जेड या रत्नाचं अक्षर. आधी चौकटीची डावी भिंत, मग छप्पर आणि उजवी भिंत एका वळणात, मग आतलं अक्षर पूर्ण, आणि सगळ्यात शेवटी तळाची रेघ. चिनी शिक्षक याला म्हणतात, आधी माणसं घरात येऊ द्या, मग दार लावा. माझ्या बीजिंगच्या शिक्षिकेने हे वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि नंतर दोन वर्षं कुणीही दार आधी लावलं की त्या नुसतं 'माणसं बाहेर राहिली' म्हणायच्या. मीही वर्गात तेच म्हणते.

एवढ्यावर आठ-दहा दिवस काढा, मगच अपवादांकडे वळा. अपवाद आधी पाहिले की नियमांवरचा विश्वास उडतो.

अपवाद, आणि त्यांच्यातली शिस्त

पाणी आणि आग ही दोन अक्षरं शेजारी ठेवून लिहा. दोन्ही चार रेघांची. पाण्यात आधी मधला आकडेवाला खांब, मग डावी बाजू, मग उजवी. आगीत उलट: आधी डावीकडचा ठिपका, मग उजवीकडची छोटी तिरकी खूण, आणि नंतर मधला मोठा माणूस, फ्ये आणि ना. 'आधी मधलं' हा नियम इथे मोडतो, कारण आगीत मधोमध उभा खांबच नाही, तिथे दोन पाय फाकलेला माणूस आहे. ठिपके आधी दिले की त्याला किती जागा उरली ते कळतं. मनाशी संबंधित अक्षरांच्या डाव्या बाजूला जी खूण असते तिच्यातही तसंच: दोन ठिपके आधी, खांब शेवटी.

'नऊ' आणि 'बळ' ही जोडी तर सगळ्यांनाच फसवते. दोन्ही दोन रेघांची, दिसायला भावंडं. नवात आधी फ्ये, मग वळणारी रेघ. बळात आधी वळणारी, मग फ्ये. हे मात्र पाठच करावं लागतं. मी विद्यार्थ्यांना रोज वही उघडली की आधी ही दोन एकेकदा लिहायला लावते.

चालण्याची खूण, अक्षराच्या डावीकडून तळाशी होडीसारखी पसरलेली, ती शेवटी लिहायची. 'हा' या अर्थाच्या रोजच्या अक्षरात ती येते. आधी वरचा प्रवासी, मग खालची होडी. पण 'उठणे' या अक्षरात डावीकडे जे पूर्ण पायांचं चालणं आहे ते आधी लिहायचं आणि त्याच्या लांब पायावर उजवा भाग नंतर बसवायचा. 'डॉक्टर' किंवा 'औषधोपचार' यातलं 'यी' हे अक्षर उजवीकडून उघड्या पेटीसारखं आहे: आधी पेटीचं झाकण म्हणजे वरची आडवी, मग आतला बाण, मग डावी भिंत आणि तळ एका वळणात. 'चित्र' या अक्षरात वरून उघडा डबा आहे. त्यात आधी आतलं सगळं, डबा शेवटी. तेव्हा दार लावायचा नियम खरा, फक्त दार कुठे आहे ते आधी बघायचं.

ठिपक्याचंही एक लक्षात ठेवा, खूप कामाला येतं. ठिपका डोक्यावर मध्ये किंवा डावीकडे असेल तर पहिला. उजव्या खांद्यावर असेल तर शेवटचा. 'कुत्रा' म्हणजे 'मोठा' या अक्षराच्या उजव्या खांद्यावर ठिपका, तो शेवटी. 'पुस्तक' चार रेघांचं, ठिपका शेवटी. 'मी' सात रेघांचं, ठिपका सातवा. घाईत तो राहून जातो आणि मग 'मी' अपुरा राहतो. म्हणून 'मी' लिहिताना मोजून सात म्हणा.

दोन व्हिडिओ, दोन क्रम

तुम्ही पाहिलेले दोन्ही व्हिडिओ बहुधा बरोबर असतील. एक चीनचा, एक जपानचा.

शेताचं अक्षर म्हणजे चार खणांची खिडकी. चीनच्या प्रमाण क्रमात चौकटीचे दोन भाग काढून झाले की आतली आडवी, मग आतली उभी, मग तळ. जपानमध्ये आतली उभी आधी, मग आडवी, मग तळ. राजाचं अक्षर, तीन आडव्या आणि मधून जाणारी उभी: चीनमध्ये आडवी, आडवी, उभी, आडवी. जपानमध्ये आडवी, उभी, आडवी, आडवी. 'डावा' आणि 'उजवा' या दोन्ही अक्षरांत वर एक आडवी आणि एक फ्ये असते. चीनमध्ये दोन्हींत आडवी आधी. जपानमध्ये डाव्यात आडवी आधी आणि उजव्यात फ्ये आधी. प्राचीन लिपीत ही दोन हातांची एकमेकांची आरशातली चित्रं होती, त्याचा माग त्यांनी राखला आहे.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये शाळांसाठी क्रमाची मार्गदर्शिका काढली, ८८१ अक्षरांची. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की इथे न दिलेले क्रम चुकीचे आहेत असा याचा अर्थ नाही. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची वेगळी पुस्तिका १९९६ मध्ये आली. चीनमध्ये १९८८ च्या ७,००० अक्षरांच्या यादीत क्रम गृहीत होता, पण तो एकेक रेघ उलगडून १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये ८,१०५ अक्षरांची नवी अधिकृत यादी आली आणि तिच्यासाठीचा प्रमाण क्रम १ मार्च २०२१ पासून लागू आहे. तुमचं काम चीनशी आहे, तर हाच धरा. एकच धरा आणि सोडू नका. दोन क्रमांची सरमिसळ झाली की हाताला सवयच लागत नाही.

चिनी माणसंही सगळी प्रमाण क्रमाने लिहीत नाहीत, हे खरं आहे. पन्नाशीतले इंजिनिअर, दुकानदार, अगदी शिक्षकसुद्धा काही अक्षरं आपल्या सवयीने लिहितात. पण नीट बघा, ते डावं-उजवं, वर-खाली, दार शेवटी हे कधी मोडत नाहीत. त्यांचा फरक एखाद्या ठिपक्यापुरता असतो. तेव्हा 'ते कुठे पाळतात' म्हणून आपण सोडून देणं योग्य नाही.

सरकारला एवढा काटेकोर क्रम ठरवायची गरज का पडली, याचं एक कारण शाळेबाहेरचं आहे. चिनीत आपल्यासारखी वर्णमाला नाही, मग नावांची यादी लावायची कशी? एक सर्वमान्य रीत म्हणजे आडनावाच्या रेघा मोजायच्या. वांग चार रेघांचं, ली सात रेघांचं, म्हणून वांग आधी. जांगही सातच रेघांचं. मग ली आधी की जांग? तेव्हा पहिली रेघ बघायची: आडवी, उभी, फ्ये, ठिपका, वळण या क्रमाने. ली आडव्या रेघेने सुरू होतं, जांग वळणाने, म्हणून ली आधी. पहिली रेघ कुठली यावर दोघांचं एकमत नसेल तर यादीच लागत नाही. हेच पाच वर्ग मोबाइलवर एक ते पाच अंकांवर असतात. एखाद्या अक्षराचा उच्चारच माहीत नसेल तर रेघा क्रमाने दाबून ते काढता येतं. खरेदी विभागात अनोळखी आडनावं आणि गावांची नावं रोज येणार, तेव्हा हे तुमच्या कामाचं आहे.

टाइप करणाऱ्याला हात कशाला

काही वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं. चिनी तंत्रज्ञ यंत्र बसवून परत गेले होते आणि पॅनेलवर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. वर दोन अक्षरं, खाली तारीख. मुलांनी मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करून पाहिलं, पण भलतंच काहीतरी येत होतं. दुसरं अक्षर मला लगेच लागलं. डावीकडे एक ठिपका आणि त्याखाली झटक्यात वर गेलेली एकच वाकडी रेघ, म्हणजे भरभर लिहिलेलं तीन ठिपक्यांचं पाणी. उजवीकडे देठ असलेली खिडकी. तेल. पहिलं मात्र लागेना, रेघांचा गुंताच होता. मग मी पॅनेलच्या पत्र्यावर त्या गुंत्यावरून बोट फिरवलं. वरून सुरुवात, आडवी, मग खाली आणि आकडा, आणि तिथून वर उजवीकडे झटका. म्हणजे डावीकडे हात आहे. हाताने करायची क्रिया, पुढे तेल. 'बदलणे'. तेल बदला, अमुक तारखेला.

डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते बोटाला कळलं, कारण लिहिणाऱ्याचं बोटही त्याच वाटेने गेलं होतं. भरभर लिहिलेल्या चिनी अक्षराला 'शिंगशू' म्हणतात, चालतं लिखाण. त्यात रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि जोडल्या जातात त्या क्रमानेच. क्रम माहीत नसलेल्याला तो नुसता गुंता दिसतो. पुरवठादाराने नकाशावर पेनने केलेली दुरुस्ती, गोदामातल्या खोक्यावर मार्करने लिहिलेलं, पावतीवरचा शेरा, हे सगळं शिंगशूमध्ये असतं आणि तुमच्या पैशांचा हिशोब पुष्कळदा त्यातच असतो.

दुसरं कारण स्मरणाचं. नुसतं टाइप करणाऱ्याला अक्षर ओळखू येतं, पण ते अर्धवट ओळखू येतं. पर्यायांच्या यादीतून निवडताना सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांत तो अडखळतो. 'विकत घेणे' आणि 'विकणे' ही चिनी अक्षरं घ्या. फरक एवढाच की 'विकणे' याच्या डोक्यावर 'दहा'सारखी एक जास्तीची खूण आहे. खरेदी विभागातल्या माणसाने इथे गफलत करून चालणार नाही. हाताने पाच वेळा लिहिलं की आठ रेघा कुठल्या आणि सहा कुठल्या हे पक्कं बसतं.

चिनी लोकांनाही हा प्रश्न आहेच. 'थीबी वांगज्' म्हणजे पेन उचललं आणि अक्षर विसरलो, असा त्यांच्याकडे रूढ शब्दप्रयोग आहे. 'शिंक' हा शब्द हाताने लिहायला सांगितला तर सुशिक्षित माणूसही अडतो. त्यामुळे सगळं हाताने आलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी चीनचं जे अधिकृत पातळीमानक जुलै २०२१ पासून लागू झालं, त्यात ३,००० अक्षरं वाचायची आणि त्यातली फक्त १,२०० हाताने लिहायची आहेत. प्राथमिक टप्प्यासाठी ३००. मला हा तोल अगदी योग्य वाटतो, आणि तुम्ही त्या तीनशेचं लक्ष्य ठेवा.

सराव कसा करायचा

चिनी मुलांची वही 'थ्येनज् गऽ'ची असते, म्हणजे प्रत्येक चौकोन शेताच्या अक्षरासारखा चार खणांत विभागलेला. ती विकत शोधत बसू नका. आपली गणिताची चौकटीची वही घ्या आणि दोन बाय दोन चौकटींचा एक खण माना. मधली आडवी-उभी रेघ आयती मिळते. अक्षराचा खांब मधल्या रेघेवर पडतो का, डावा भाग अर्ध्यापेक्षा कमी जागेत बसला का, ते लगेच दिसतं.

रोज पाच अक्षरं, जास्त नाही. एकेक अक्षर तीनदा पाहून लिहा, रेघेचं नाव म्हणत. मग वही बंद करून न पाहता एकदा लिहा. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला कालची पाच न पाहता. एकच अक्षर पन्नास वेळा लिहिणं मी बंद करायला लावते. दहाव्या वेळेनंतर मन तिथे नसतं, आणि पहिल्या ओळीत क्रम चुकला असेल तर उरलेल्या चाळीस वेळा चूकच गिरवली जाते. पेन्सिल किंवा जेल पेन वापरा. बॉलपेन दाबून लिहिलं की थी आणि फ्ये यांच्या टोकाला निमुळतेपणा येत नाही.

ॲपवर बोटाने गिरवणं याला मी सराव धरत नाही. बहुतेक ॲप वाकडी रेघ आपणहून सरळ करून देतात आणि रेघ कुठे सुरू करायची तेही आधीच दाखवतात. क्रम तपासायला ॲप उत्तम, पण शिकायचं कागदावर.

अक्षरं निवडताना वारंवारतेच्या यादीमागे लागू नका. आधी तुकडे घ्या: तोंड, सूर्य, चंद्र, झाड, पाणी, आग, माती, माणूस, बाई, मूल, हात, मन, दार, शेत, बळ, सुरी, वाणी, चालणं. हे तुकडे पुढच्या शेकडो अक्षरांत पुन्हा पुन्हा येतात आणि क्वचित अपवाद सोडला तर त्यांच्या आतला क्रम बदलत नाही. सूर्याशेजारी चंद्र ठेवला की 'तेजस्वी', बाईशेजारी मूल ठेवलं की 'चांगलं'. नवीन काहीच शिकावं लागत नाही.

आता तुमच्या डाव्या हाताबद्दल. क्रम तोच ठेवा, दिशाही तीच ठेवा. आडवी रेघ डावीकडून उजवीकडेच. उजव्या हाताने ती ओढली जाते, तुमच्या हाताने ढकलली जाईल, म्हणून सुरुवातीला थरथरेल. कागद उजवीकडे झुकवा, म्हणजे त्याचं वरचं टोक तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला जाईल, आणि मनगट ओळीच्या खाली ठेवा. पेन किंचित लांब धरा. माझे दोन डावखुरे विद्यार्थी असेच शिकले. त्यातल्या एकीचं अक्षर आज माझ्यापेक्षा सुबक आहे. दिशा उलटी केलीत तर थी खाली येईल, फ्येचं निमुळतं टोक भलत्या बाजूला जाईल, आणि शिंगशू वाचताना तुमचं बोट लिहिणाऱ्याच्या उलट्या वाटेने चालेल.

पहिल्या आठवड्यासाठी एक नाव देते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि चीन त्यांना 'के दिह्वा' या नावाने ओळखतो. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत शेवटी 'ह्वा' होतं, म्हणजे चीन. मधलं 'दि' बारा रेघांचं आहे, ते महिनाभराने घ्या. 'के' नऊ रेघांचं: डावीकडे आखडलेलं झाड, आडवी, उभी, फ्ये, ठिपका. उजवीकडे आधी लांब आडवी, तिच्याखाली डाव्या बाजूला छोटं तोंड तीन रेघांत, आणि मग उजवीकडून खाली येणारी आकड्याची उभी. 'ह्वा' त्यांच्या काळी पुष्कळ जास्त रेघांचं होतं, आजच्या सोप्या रूपात सहाच आहेत: वर डावीकडे फ्ये आणि छोटी उभी, शेजारी आणखी एक फ्ये आणि वळून आकडा घेणारी रेघ, मग या सगळ्यांच्या खाली लांब आडवी, आणि शेवटी मधोमध उभी.